साताऱ्याहून आलेली तक्रार

“तुमची कंपनी काँप्युटर विकती का पत्र्याचे डबे?”

हेडफोनमधला आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनंही मान वळवून बघितलं. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, “नमस्कार, मी नेहा बोलतेय. आपली काय अडचण आहे, सर?”

“अडचण मला न्हाई, तुमच्या डब्याला हाय. सीडी घातली की घर्रघर्र करतो, पडदा काळा होतो, आन् परत हाय तिथंच. एवढा नवा काँप्युटर, आन् साधा जुना गेम चालवत न्हाई?”

मी नाव आणि गाव विचारलं.

“हणमंतराव निकम. सातारा, सदर बझार. एसटीच्या वर्कशॉपमधनं फोरमन म्हणून रिटायर झालोय. तवा मशिनरीतलं मला शिकवायला जाऊ नका.”

माझी बोटं कीबोर्डवर होती तशीच राहिली. हणमंतराव निकम म्हणजे माझे सासरे.

माझं नाव प्रज्ञा. नेहा हे ऑफिसनं दिलेलं, फोनवर सांगायचं नाव. कोथरूडमध्ये काँप्युटर जोडून विकणारी एक कंपनी होती, तिच्या हेल्पलाइनवर आम्ही तिघी-चौघी मराठी फोन घ्यायचो. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे धैर्यशीलच्या, बहिणीनं, उज्ज्वलावन्संनी, वडिलांसाठी माझ्याच सवलतीत आमच्याकडून काँप्युटर घेतला होता. अर्थात वडिलांना ते न सांगता. त्यामुळे कधीतरी हा फोन आपल्याच कानात वाजणार, अशी धास्ती मला होतीच. पण त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता.

रजिस्टर लग्न केल्यावर आम्ही पेढे घेऊन साताऱ्याला गेलो होतो. ते दारात उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, “तू ये. हिला घेऊन आत यायचं न्हाई.” मग माझी जात उच्चारली, शेजारच्या बायका गॅलरीत येऊन ऐकतील अशा आवाजात. धैर्यशीलनं पेढ्यांचा बॉक्स पायरीवर ठेवला आणि आम्ही परत फिरलो. मी तिथं एक शब्दही बोलले नव्हते. त्या गप्प राहण्याचा राग मला नंतर कितीतरी महिने पुरला.

आणि आता तो माणूस माझ्या कानात ओरडत होता.

“कुठला गेम आहे, सर?”

“मोटारसायकलच्या शर्यतीचा. जुना हाय. सीडी मी जपून ठेवलीया, एक ओरखडा न्हाई तिच्यावर. तवा सीडीला दोष देऊ नका.”

मी दोष दिला नाही. जुने गेम जुन्या विंडोजसाठी बनवलेले असतात, नव्याला ते ओळखता येत नाहीत, असं सांगितलं. गेमच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा म्हटलं. त्यांनी डावं दाबलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदा ते खेकसले, “उजवं म्हणजे माझं उजवं का काँप्युटरचं उजवं? नीट बोला की!” एरवी अशा माणसांशी मी दिवसभर न चिडता बोलायचे. त्या दिवशी दात आवळून बोलत होते. शेवटी आम्ही त्या काँप्युटरला ‘तू जुनाच आहेस असं समज’ असं सांगणाऱ्या चौकटीपर्यंत पोचलो, आणि पलीकडे मोटारसायकलींचा आवाज सुरू झाला.

“झाला चालू!” ते म्हणाले. आभार मानले नाहीत. “गणपतीला मुलगा यायचाय. तवर बंद पडला तर मी डबा घेऊन तुमच्या ऑफिसात येईन.” आणि फोन ठेवला.

गणपती पुढच्या आठवड्यात होते. मुलगा जाणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी चहा पिताना मी धैर्यशीलला विचारलं, “गणपतीला साताऱ्याला जायचं का रे?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला शिवी दिली. “कशाला? तुझं नाव परत गॅलऱ्यांना ऐकवायला?”

“वन्सं म्हणत होत्या, ते बोलवतायत.”

“बोलवतील. चार वेळा बोलावलंय. मी बारावीला होतो तेव्हा काय केलं होतं ठाऊकाय? सहामाहीत गणितात गेलो. आबा ड्युटीवरनं आले, मार्कांचा कागद बघितला, एक शब्द बोलले नाहीत. काँप्युटरच्या वायरी उपटल्या आणि अख्खा काँप्युटर गॅलरीतनं खाली टाकला. खाली पोरं खेळत होती. एखाद्याच्या डोक्यात पडला असता. आई जाऊन वर्षपण झालं नव्हतं तेव्हा.” तो उठला आणि कप विसळायला गेला. “त्या घरात ज्याला त्यांचं पटत नाही ते खाली जातं. मी पायऱ्यांनी गेलो, एवढंच.”

फोनचं मी त्याला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी फोन पुन्हा आला. आणि नेमका माझ्याच लाइनीवर.

“नेहा मॅडमच ना? तुम्ही बिघाड करून ठेवलाय. गेम लावला की मोटारसायकल बंदुकीच्या गोळीसारखी सुटती. बटणाला हात लागायच्या आत झाडावर. माणसानं खेळायचं कसं?”

“सर, तो गेम हळू चालणाऱ्या काँप्युटरसाठी बनवलाय. तुमचा नवा फार जोरात पळतो.”

“म्हणजे इंजिन मोठं आन् गव्हर्नर न्हाई.” ते एकदम ताळ्यावर आले. “गाडी ठरावीक वेगाच्या वर जाऊ नये म्हणून आम्ही बसला गव्हर्नर लावायचो. तसं काय हाय का ह्याला?”

होतं. काँप्युटरसोबत दिलेल्या सीडीत तसा एक छोटा प्रोग्रॅम होता. आधी तो चालू करायचा, मग गेम. मी सांगत गेले, ते करत गेले. या वेळी उजवं बटण पहिल्या झटक्यात सापडलं. मोटारसायकली समजुतीनं पळायला लागल्या. त्यांनी मला थांबायला सांगितलं, कारण त्यांना दोन्ही बाजू तपासायच्या होत्या. दोघांना एकदम खेळता आलं पाहिजे, एक कीबोर्डच्या डावीकडं, एक बाणांवर. मुलगा मित्रांना बोलावणार असेल अशी यांची समजूत असावी, असं मला वाटलं. बराच वेळ खटखट ऐकू येत राहिली. मग ते खूश झाले, आणि खूश झाल्यावर बोलायला लागले.

“मॅडम, माझा मुलगा लई हुशार. इंजिनियर हाय पुण्याला. पण एका पोरीच्या नादी लागला. असल्या पोरी बघा, चांगलं कमावणारं पोरगं दिसलं की गळ टाकून बसतात. खालच्या घरातल्या. त्यांना काय, वर चढायला शिडीच पायजे असती. उचलून नेला त्याला आमच्या घरातनं.”

ते हे रागानं बोलत नव्हते. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलत होते. त्यानंच माझं डोकं फिरलं.

“उचलून कुणी नेला नाही, सर,” मी म्हटलं. “स्वतःच्या पायांनी गेला तो. अख्खा काँप्युटर गॅलरीतनं खाली फेकणाऱ्या बापाच्या घरी कुठलं पोरगं परत येतं?”

पलीकडे नुसतं गेमचं संगीत वाजत राहिलं.

मग ते म्हणाले, “नाव काय म्हणालात तुमचं?”

“नेहा.”

“खरं नाव सांगा.”

मी फोन कापला. ग्राहकाचा फोन आपण होऊन कापायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम.

दुसऱ्या दिवशी कामथ सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साताऱ्याहून एका वयस्कर ग्राहकाची तक्रार आली होती. मुलगी उद्धट आहे, घरच्या गोष्टींवर बोलली, फोन तोंडावर आपटला. तिला कामावरून काढलं नाही तर काँप्युटर परत आणून तुमच्या दारात आपटतो. कामथांनी रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज मी ऐकला, ‘स्वतःच्या पायांनी गेला तो’, आणि मनात म्हटलं, बरोबर बोलले.

“ह्या माणसाला तू ओळखतेस?” कामथांनी विचारलं. “काँप्युटर फेकल्याचं तुला कसं ठाऊक?”

ते माझे सासरे आहेत, एवढं म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण ज्यानं मला कधी सून म्हटलं नाही, त्याचं नातं सांगून नोकरी वाचवायची? मी म्हटलं, “नाही ओळखत.”

“मग सॉरी, प्रज्ञा,” कामथ म्हणाले.

घरी आल्यावर मी धैर्यशीलला सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून.  दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. सकाळी मी उठले तर तो बूट घालून बसलेला.

“चल,” म्हणाला.

“कुठं?”

“साताऱ्याला. आज मी त्या माणसाला सोडणार नाही.”

खंबाटकी घाटात पाऊस लागला, तरी त्यानं गाडी थांबवली नाही. मी मागं बसून त्याच्या पाठीला धरून होते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दारात गप्प उभी राहिलेली मी, या खेपेला माझ्या वतीनं कुणीतरी ओरडणार होतं.

दार सासऱ्यांनीच उघडलं. बनियन, पायजमा, कपाळावर चष्मा. मागच्यापेक्षा वाळलेले दिसले. धैर्यशील दारातूनच सुरू झाला.

“हिची नोकरी घालवलीत? लाज वाटली नाही? घरात घेतलं नाही ते नाही, आता बाहेरचंही खाऊ देणार नाही का तिला? काय बिघडवलंय तिनं तुमचं?”

शेजारच्या गॅलऱ्या भरायला लागल्या. सासरे दाराला एक हात लावून उभे होते. धैर्यशीलनं त्यांना दोन-तीन वेळा ‘अरे’ म्हटलं, आईच्या आजारपणात ते ड्युटीवर गेले होते ते काढलं, काँप्युटर काढला, माझी जात उच्चारली ते काढलं. म्हाताऱ्याच्या गळ्याची शीर उडत होती.

धैर्यशील दमला. तेव्हा ते म्हणाले, “आलास नव्हं?”

“काय?”

“चार डाव बोलावलं. उज्ज्वलाला धाडलं. आजारी हाय म्हणून खोटं सांगून बघितलं. आलास का? चांगलं बोलून तू यायचा न्हाईस, हे मला कळून चुकलं होतं. काँप्युटर फेकल्याचं ही फोनवर बोलली आन् कोण ते मला कळलं, तवा म्हटलं, तक्रार केली की ह्यो येतोय. भांडायला का हुईना, येतोय.”

मला ते समजायला थोडा वेळ लागला. तक्रार रागानं केलेली नव्हती. ती माणसानं बसून, विचार करून केली होती.

“आणि माझी नोकरी?” मी विचारलं. त्या दारात मी बोललेले पहिले शब्द.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “नोकऱ्या लागतात वो. दुसरी मिळंल तुम्हाला. पोरगा मला एकच हाय.”

मी धैर्यशीलकडे बघितलं. आता हा काय करेल, या एकाच गोष्टीकडे माझं लक्ष होतं. त्याचा चेहरा कसातरी झाला होता. आतून मोटारसायकलींचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून तो थांबला, डोकं एका बाजूला करून ऐकत राहिला. मग बूट न काढता आत गेला.

मी दारातून बघत होते. समोरच्या खोलीत काँप्युटर लावलेला, त्याच्यापुढं दोन खुर्च्या. सासरे एका खुर्चीत बसले, धैर्यशील दुसऱ्या. कुणी कुणाला बस म्हटलं नाही. सासऱ्यांची बोटं डावीकडच्या बटणांवर गेली, त्याची बाणांवर, आणि ती एवढ्या सवयीनं गेली की मला कळलं, मित्रबित्र काही नाही, हा गेम या दोघांचा होता. वन्सं लग्न होऊन गेलेल्या; आई गेल्यावर त्या घरात दोन माणसं उरली होती आणि त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. ती रोज संध्याकाळी हे खेळत होती. गणितात पोरगा गेला तेव्हा बापानं जो फेकला, तो त्याचा स्वतःचाही काँप्युटर होता.

गेम साधा होता. शर्यत लावायची, आणि शेजारी येईल त्याला चालत्या गाडीवरून लाथ घालून पाडायचं. दोघं एकमेकांना पाडत होते. पुढं जाण्यात कुणाला रस नव्हता. “घे!” “आबा, ही फाउल होती!” “फाउल कसली, खेळ बघ.” धैर्यशीलचे डोळे गळत होते आणि तो लाथा घालत होता.

आणि मी उंबऱ्याबाहेर उभी होते. माझ्यासाठी भांडायला आलेला माझा नवरा आत बसून खेळत होता. माझी नोकरी हा त्यांच्या भेटीचा खर्च होता, तो झाला, संपला. इतका राग मला पेढे पायरीवर ठेवून परत फिरलो त्या दिवशीही आला नव्हता.

तेवढ्यात चित्र अडकलं. दोन्ही मोटारसायकली हवेत. दोघांनी बटणं बडवली, मग एकदमच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“प्रज्ञा, बघ ना गं काय झालं,” धैर्यशील म्हणाला.

“मॅडम, जरा बघता का?” सासरे म्हणाले.

“मला काढलंय,” मी म्हटलं. “सपोर्ट बंद.” आणि पायरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळानं सासरे बाहेर आले. मागोमाग धैर्यशील.

“काय पायजे तुम्हाला?” सासऱ्यांनी विचारलं.

“माफी मागा.”

“ते जमायचं न्हाई. मी कुणाची मागितली न्हाई. ह्याच्या आईचीबी न्हाई.”

“मग गेमही जमायचा नाही. आधी काय चालू करायचं, नंतर काय, सगळं मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला फोन करून विचारा. बघा ती तुमची बोलणी ऐकून घेते का.”

“अगं, सोड ना,” धैर्यशील हळूच म्हणाला. “आबा काय बदलणारेत का आता?”

“तू गप्प बस. तुझ्याशी मी पुण्याला गेल्यावर बोलणार आहे.”

 सासरे पायरीवर उभे, मी बसलेली. समोरच्या गॅलरीतल्या बाईनं तांदूळ निवडायला घेतले आणि खाली न बघता निवडायला लागली. मला वाटलं, आता हे आत जातील आणि दार लावतील. ते आत गेले. दार लावलं नाही. फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला.

“हॅलो. हां, मी निकम, सातारा. त्या दिवशीची तक्रार. तुमच्या साहेबाला द्या. … हां, साहेब. ती पोरगी उलट बोलली ते खरं हाय. फोन आपटला तेबी खरं. पर ती गिऱ्हाइकाशी बोलली न्हाई. सासऱ्याशी बोलली.” मग घसा खाकरला. “माझी सून हाय ती. आमचं घरातलं भांडण हाय. तुम्ही मधी पडू नका.”

हे त्यांनी, सवयीप्रमाणं, ओरडून सांगितलं. समोरच्या बाईचा हात तांदळात थांबला.

कामथांनी मला परत घेतलं नाही. नियम तो नियम. पुढं मला दुसरीकडं काम लागलं, ते निराळं. सासऱ्यांनी माझी त्या दिवशीच काय, नंतरही कधी माफी मागितली नाही, आणि पुढची दहा वर्षं आमचं एकही सणावाराचं जेवण भांडणाशिवाय पार पडलं नाही. जातीवरून त्यांची जीभ घसरायची, मी ताट सोडून उठायचे, ते माझ्यामागं स्वयंपाकघरात येऊन माझ्यावरच ओरडायचे की अन्नावरून उठू नये. पण मी उठायचे ती आतल्या खोलीत जायला, बाहेर नव्हे.

तर त्या दिवशी फोन ठेवून ते दारात आले आणि वाट सोडून बाजूला उभे राहिले. या म्हणाले नाहीत. मी उठले आणि आत गेले. अडकलेला गेम बंद केला, आधी तो वेग आवरणारा प्रोग्रॅम चालू केला, मग गेम. त्यांनी उलट क्रमानं केलं होतं, तेवढंच. मी दुरुस्त करून उठायला लागले.

“तुला येतो का खेळायला?” त्यांनी विचारलं. ‘तुला’ म्हणाले.

“नाही.”

“बस मग.”

धैर्यशीलनं खुर्ची सोडली. मी बाणांवर बोटं ठेवली. शर्यत सुटली, आणि पहिल्याच वळणावर त्यांची गाडी माझ्या शेजारी आली. लाथेचं बटण कुठलं ते मी मघाशी दारातून बघून ठेवलं होतं. मी ते जीव खाऊन दाबलं. सासरे गाडीसकट रस्त्याच्या कडेला जाऊन आपटले.



“असं व्हय?” आबा म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.